खर्जबुवा

खर्जबुवा हे नाव सोसायटीने ठेवलं आणि त्यांनी ते पदवी समजून ठेवून घेतलं. कोथरूडला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीचं खातं सांभाळतात. दिवसभर मायक्रॉनमध्ये मोजमापं घेणाऱ्या माणसाने संध्याकाळी घरी येऊन चहा घ्यावा, बातम्यांना नावं ठेवावीत, दुसऱ्याच्या पार्किंगवर मत द्यावं, एवढीच जगाची अपेक्षा असते. बुवा घरी आले की मायक्रोफोन लावतात. गायला नव्हे, खोली तपासायला.

अशी माणसं आता गावोगावी आहेत. वय पन्नाशीच्या आगेमागे, घराचं कर्ज फिटलेलं, मुलगा शिकायला परदेशी, आणि त्यामुळे घरातली एक खोली एकाएकी मोकळी. एवढं जुळून आलं की कुणी गड चढायला लागतो, कुणी पेटी शिकतो, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होऊन इतरांना शिकवतो. काहींच्या मोकळ्या खोलीत होम थिएटर शिरतं. पडदा आला, प्रोजेक्टर आला, पाच स्पीकर टांगले गेले की त्यांतले बहुतेक सुखी होतात. सिनेमे बघतात आणि नऊच्या सुमाराला घोरतात. जातिवंत माणूस मात्र सहाव्या डब्यापाशी अडकतो. ‘फाइव्ह पॉइंट वन’मधला तो पॉइंट वन. सबवूफर.

बुवांच्या थिएटरचं उद्घाटन झालं तेव्हा मी हजर होतो. मुलाची खोली, १४ बाय ११. मधोमध तिघांचा सोफा, त्यावर बुवा, वहिनी आणि बुवांचे साडू. उरलेले आम्ही मागच्या भिंतीला टेकून. लावलेला सिनेमा ‘मास्टर अँड कमांडर’. २००३ सालचा, धुक्यातून येणाऱ्या शत्रूच्या जहाजाच्या तोफांनी सुरू होणारा. पहिली तोफ सुटली आणि आमच्या पोटातला बटाटेवडा हलला.

“काय दणका आहे हो!” मागून कुणीतरी म्हणालं.

“कुठे?” सोफ्यावरून बुवांनी विचारलं.

त्या ‘कुठे’ने त्या घराचा पुढचा इतिहास लिहिला. बुवा उठून आमच्यापाशी आले. दणका होता. परत सोफ्यावर बसले. नव्हता. कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, तर इतका होता की तोफ विझून गेली तरी तिचा घुमारा रेंगाळत राहिला. घर त्यांचं, पैसे त्यांचे, आणि खर्ज पाहुण्यांना. त्या रात्री सिनेमा तिथेच थांबला. त्या जहाजाचं पुढे काय झालं हे बुवांना अजून माहीत नाही.

कारण साधं होतं, पण साधी कारणं क्वालिटीच्या माणसाला मानवत नाहीत. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. त्या हिशेबाने ४० हर्ट्झच्या सुराची एक लाट २८ फुटांची, आणि तिचं अर्धं म्हणजे बरोबर १४ फूट. ती लाट जणू त्या खोलीचं माप घेऊनच शिवली होती. समोरून येणारी आणि मागच्या भिंतीवरून परतणारी अशा दोघी एकमेकींत मिसळतात. भिंतींपाशी त्यांची बेरीज होते आणि मधोमध वजाबाकी. बुवांनी सोफा टेप लावून नेमका सात फुटांवर ठेवला होता. अर्धा इंच इकडे नाही की तिकडे नाही. कुणा गबाळ्या माणसाने तो अंदाजाने ढकलला असता तर त्याला बरा खर्ज मिळाला असता.

मग उपाय सुरू झाले. पहिला उपाय आवाज वाढवण्याचा. तो वाढवला तेव्हा मागच्या भिंतीवरची मुलाच्या बक्षिसांची फळी खाली आली आणि सोफ्यावर परिस्थिती जैसे थे. दुसरा उपाय दुकानदाराने सुचवला. अंड्याच्या ट्रेसारखा दिसणारा काळा फोम, दोन इंच जाडीचा, चारही भिंतींना. त्याने एवढंच झालं, की खोलीत बोललं तर आपलाच आवाज आपल्याला परका वाटू लागला. तीक्ष्ण सूर फोमने गिळले आणि खर्ज होता तिथेच, होता तसाच. ४० हर्ट्झची लाट अशी शोषून घ्यायची तर चतुर्थांश लाटेइतकी, म्हणजे सात फुटांची जाडी हवी, हे बुवांना नंतर कळलं. समोरून सात आणि मागून सात असा फोम भरला असता तर खोलीचा प्रश्न कायमचा सुटला असता.

तिसरा उपाय म्हणजे मोजणं. इथे बुवा आपल्या घरी आले. ‘रूम ईक्यू विझार्ड’ नावाचं एक सॉफ्टवेअर आहे आणि ते फुकट आहे. त्या फुकट वस्तूपायी मापाचा मायक्रोफोन आला, त्याचा स्टँड आला, वेगळा लॅपटॉप आला, केबली आल्या आणि केबली ठेवायला कपाट आलं. हे सॉफ्टवेअर स्पीकरमधून एक सूर सोडतं. तो पाताळातून निघतो आणि काही सेकंदांत शिट्टीपर्यंत चढत जातो. त्याला स्वीप म्हणतात. आमच्या इमारतीत आता तो सगळ्यांना पाठ आहे. पहिल्या मजल्यावरचं एक पोरगं तोंडाने हुबेहूब काढतं, आणि त्याने तो काढला की बुवा खिडकीत येऊन कोण मोजतंय ते बघतात.

स्वीपनंतर ग्राफ उमटतो. तो सपाट यावा, म्हणजे ३०, ४०, ५०, ८० हर्ट्झ, सगळे सूर सारख्याच जोराने कानावर यावेत, ही बुवांची जीवनावरची एकमेव मागणी. आला तो सह्याद्री. ५१ हर्ट्झला, खोलीच्या ११ फुटी रुंदीने घातलेला भलामोठा सुळका, आणि ४० ला १५ डीबीचा खड्डा.

“मग भरा की तो,” वहिनी म्हणाल्या. वहिनी बँकेत आहेत. तूट दिसली की भरायची एवढं त्यांना माहीत.

बुवांनी ईक्यू, म्हणजे एकेका सुराचा जोर वेगळा कमीजास्त करायची सोय, लावून तो भरायला घेतला. दर तीन डीबीला वीज दुप्पट लागते. १५ डीबीला तीसेक पट. ॲम्प तापला, सबचा पडदा बाहेर येऊन आदळायला लागला आणि खड्डा जागच्या जागी. का, तर जेवढी लाट जोराने सोडावी तेवढीच ती भिंतीवरून जोराने परत येते आणि वजाबाकी शून्याची शून्यच राहते. सुळका ईक्यूने छाटता येतो, खड्डा भरता येत नाही. हे वाक्य बुवांनी मला जिन्यात, लिफ्टमध्ये आणि एका तेराव्याच्या पंगतीत सांगितलं आहे.

यानंतर आलं ते रांगणं. ही थट्टा नाही. या पंथातला हा मान्यताप्राप्त विधी आहे आणि त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. आवाज इथून तिथे जसा पोहोचतो तसाच तो तिथून इथे पोहोचतो. तेव्हा सब जागोजागी हलवून दर वेळी सोफ्यावर येऊन बसण्याऐवजी सबलाच सोफ्यावर बसवायचं, खर्जाचा एखादा तुकडा लावून ठेवायचा आणि आपण जमिनीलगत कान नेऊन खोलीभर रांगायचं. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, तिथे सब ठेवायचं. एका रविवारी सकाळी कामाच्या मावशी फडकं घेऊन आत आल्या तेव्हा सोफ्यावर बत्तीस किलोंचं सब लोडाला टेकून बसलं होतं आणि साहेब बर्म्युडा घालून कपाटाखाली होते.

“काय हरवलं साहेब?”

“खर्ज.”

मावशींनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी फडकं खाली ठेवलं, सबसकट सोफा दोन फूट मागे रेटला आणि खाली वाकून बघितलं.

बुवा कपाटाखालून बाहेर आले ते चेहरा पालटूनच. ४० चा सूर ऐकू येत होता. त्यांनी लगेच स्वीप लावला. खड्डा अर्ध्याहून कमी झालेला. खोलीच्या मध्यापासून सोफा सरकवणं हा या रोगावरचा पहिला, सर्वांत स्वस्त आणि बहुधा पुरेसा इलाज आहे. माझं मत विचाराल तर बुवांनी तिथेच मावशींच्या पाया पडून सिनेमा सुरू करायला हवा होता. त्यांनी सोफ्याच्या चारही पायांभोवती पांढऱ्या टेपने चौकोन आखले, आणि तेव्हापासून त्या खोलीची फरशी पुसायला बंदी आहे.

रांगण्याचा निकाल वेगळाच लागला. सर्वांत सपाट खर्ज दाराच्या उंबऱ्यात मिळत होता. पंधरा दिवस सब तिथे होतं. थिएटरमध्ये जायचं तर ते ओलांडून जावं लागे. गणपतीला आलेल्या बुवांच्या आत्याने त्याला हळदकुंकू वाहिलं.

वहिनींच्या भावाने वास्तुशास्त्राचा सल्ला दिला. जड वस्तू नैर्ऋत्येला ठेवा. नैर्ऋत्य म्हणजे कोपरा, आणि कोपऱ्यातलं सब खोलीतली एकूण एक लाट जागी करतं. लांबीची, रुंदीची, उंचीची, आणि या तिघींच्या संगनमताने होणाऱ्या पोटलाटा वेगळ्याच. बुवांनी मेहुण्याला ग्राफ दाखवला. मेहुणा म्हणाला, घरात लक्ष्मी येईल. आली नाही; दुसरं सब आलं.

दुसऱ्या सबचं समर्थन ऐकण्यासारखं होतं. हार्मन या कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी ‘किती सबवूफर पुरेसे?’ असा सवाल करणारा शोधनिबंध २००२ मध्ये मांडला. चौकोनी खोलीत एक सब समोरच्या भिंतीच्या मध्यावर आणि दुसरं मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवलं की ती लांबीची लाट दोन्हीकडून उलटसुलट ढकलली जाते आणि उठतच नाही. रुंदीची लाटही भिंतीच्या मध्यावरून जागी होत नाही. म्हणजे एका खुर्चीपुरता नव्हे, सगळ्या खुर्च्यांवर खर्ज सारखा.

“एकाचा आवाज सहन होत नाही, तिथे दोन?” वहिनी म्हणाल्या.

“अगं, दोन आणले की त्रास कमी होतो.”

“म्हणजे चार आणले की शांतता?”

वहिनींनी हे टोमणा म्हणून म्हटलं. बुवांनी ते विचारात घेतलं. “चारांचा निकाल अजून चांगला आहे,” ते गंभीरपणे म्हणाले, “पण दोनांत जवळजवळ तेवढं होतं.” काटकसर केल्याच्या समाधानात त्यांनी दुसरं घेतलं. मागच्या भिंतीच्या मध्यावर बाल्कनीचं दार होतं. आता बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला शेजारच्या खोलीच्या खिडकीतून पाइप सोडतात.

या सगळ्यात बुवांचं सिनेमा बघणं संपलं हे सांगायला नकोच. ते सिनेमे लावतात, बघत नाहीत. २०१४ च्या ‘एज ऑफ टुमॉरो’ची सुरुवातीची काही सेकंदंच त्यांच्या कामाची. गोष्ट सुरू व्हायच्या आधी एक खोल घरघर आहे, तेवढी ऐकायची आणि बंद. टॉम क्रूझ त्या सिनेमात आहे हे त्यांना पोस्टरवरून कळलं. मैफलीला गेले तरी तेच. गाणारा यमन उलगडत असतो, लोक माना डोलावत असतात आणि बुवा शेजारच्याच्या कानात सांगतात, “डग्ग्याला साठच्या आसपास फुगवटा आहे.” शेजारचा सभ्य असेल तर मान हलवतो.

त्यांचा सर्वांत आनंदाचा दिवस विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी उगवला. एका मंडळाची पोरं मोकळ्या मैदानात डीजेची भिंत लावून तपासत होती. बुवा तिथे पोचले तेच लॅपटॉप आणि स्टँड घेऊन. चष्मा, हातात वही, समोर रोखलेला मायक्रोफोन, हा सगळा थाट बघून पोरांनी जे ओळखायचं ते ओळखलं आणि आवाज निम्मा केला.

“वाढवा ना,” बुवा म्हणाले.

पोरांनी आणखी कमी केला. खुर्ची आली, चहा आला, परवानगीचा कागद आला. “साहेब, दहाला बंद करतो आपण,” अध्यक्ष म्हणाला. बुवांनी त्याला समजावलं की मैदानात समोरासमोर भिंती नाहीत, त्यामुळे लाट परतत नाही, त्यामुळे बेरीज-वजाबाकी नाही, त्यामुळे इथला खर्ज निसर्गतः निर्मळ आहे. अध्यक्षाला यात सापळा दिसला. शेवटी कुणीतरी ओळखीचं निघालं आणि बुवांना हवा तेवढा दणका मिळाला. ग्राफ आला तो ३५ हर्ट्झच्या वर एका रेषेत. त्यांनी तो छापून चौकटीत बसवला. मुलाच्या बक्षिसांची फळी होती तिथे तो लावला आहे.

त्याच मंडळाविरुद्ध आमच्या सोसायटीने तक्रार केली तेव्हा बुवांनी सही केली नाही. “आवाज मोठा आहे हे कबूल,” ते म्हणाले, “पण सपाट आहे.” पुढे त्यांनी सभेत एक मुद्दा काढला आणि तो मात्र मला अजून खोडता आलेला नाही. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबीची मर्यादा आहे, पण ती ‘ए’ पट्टीवर मोजायची असते. ही पट्टी ४० हर्ट्झच्या सुराला जवळजवळ ३५ डीबीची सूट देते. माणसाच्या कानाला हलका खर्ज कमी ऐकू येतो म्हणून केलेली ती सोय. म्हणजे छातीत धडकणारा आवाज मीटरवर निम्माशिम्मा उमटतो आणि बिचारी सनई पकडली जाते. सभेला हे पटलं. बुवा बोलले ते डीजेच्या बाजूने की विरुद्ध, याची नोंद इतिवृत्तात कशी करावी हे सेक्रेटरींना समजलं नाही.

आप्पांचं प्रकरण त्यानंतरचं. आप्पा बुवांच्या बरोब्बर खाली, दुसऱ्या मजल्यावर राहतात. निवृत्त, एकटे, आणि ऐकायला तिखट. ते एक दिवस काठी टेकत वर आले. “अरे, तुझी ती तोफ सुटली की माझ्या मांडणीवरचं पातेलं वाजतं.”

कुणीही दिलगिरी व्यक्त केली असती. बुवांनी विचारलं, “कुठलं पातेलं?”

“पितळी.”

“केवढं?”

अर्ध्या तासात बुवा मायक्रोफोनसह आप्पांच्या मागच्या खोलीत. वरच्या खोलीचीच मापं, तोच १४ बाय ११ चा नकाशा. वर वहिनींना स्वीप लावायला सांगितला, खाली मोजला. स्लॅबमधून येताना आवाज पडला होता, पण ग्राफ बघून बुवा खुर्चीत बसले. ४० ला खड्डा नाही. ५१ ला सुळका नाही. दोन सब, एक मेहुणा आणि एक उंबरा खर्ची घालून जे वर साधलं नव्हतं ते खाली आप्पांकडे फुकट नांदत होतं.

मग त्यांनी खोली बघितली. आप्पांनी उभ्या जन्मात एकही गादी टाकून दिलेली नाही. कापसाच्या गाद्या, त्यांवर गोधड्या, त्यांवर उश्या, लोखंडी ट्रंकांवर रचून थेट छतापर्यंत, आणि ते एका नव्हे दोन कोपऱ्यांत. तिसऱ्या कोपऱ्यात वर्तमानपत्रांचे गठ्ठे. भिंतीला लागून हवा हलतच नाही, म्हणून दोन इंची फोम तिथे नुसता चिकटून राहतो. चार फुटी ढीग हवा जिथे हलते तिथवर पुढे येतो आणि लाटेचा जीव काढून घेतो. बाजारात याला बेस ट्रॅप म्हणतात आणि तो रॉकवूलचा, कापडाने मढवलेला, बऱ्यापैकी पैशांना मिळतो.

बुवांनी गाद्या मागितल्या. भिडस्तपणे, इतिहासाचा आधार घेऊन. १८९५ च्या सुमाराला हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबाइन नावाचा तरुण प्राध्यापक होता. फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात शब्द इतका घुमायचा की काही कळायचं नाही. तो रात्री सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, मांडायचा आणि घुमारा किती सेकंद टिकतो ते मोजायचा. खोल्यांच्या ध्वनिशास्त्राचा पाया त्या गाद्यांवर घातला गेला.

“आणि सकाळी परत करायचा?” आप्पांनी विचारलं.

“हो, करायचा.”

“मग तो सज्जन होता. तू करणार नाहीस.”

“आप्पा, दोन्ही ढीग नको. एकच.”

“आणि पाहुणे आले म्हणजे?”

“शेवटचे कधी आले होते?”

आप्पांनी आठवून बघितलं. “धाकटीच्या लग्नात.” धाकटीचा मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे. पण तत्त्व ते तत्त्व. गाद्या हलणार नाहीत. ऐकायचं असेल तर खाली ये, असा तोडगा आप्पांनीच काढला. तेव्हापासून शनिवारी रात्री बुवा वर सिनेमा लावतात, रिमोट वहिनींच्या हाती देतात आणि घडीची खुर्ची घेऊन आप्पांच्या गाद्यांसमोर येऊन बसतात. पडद्याची त्यांना कधीच फारशी गरज नव्हती. पितळी पातेल्याखाली आप्पांनी फडकं घातलं आहे.

गेल्या शनिवारी मीही होतो. वर तोफा सुटल्या. बुवांनी डोळे मिटले.

“बुडतं का रे ते?” आप्पांनी विचारलं.

“काय?”

“जहाज.”

“तिथवर गेलो नाही अजून,” बुवा म्हणाले.

एरवी इथे सिनेमा थांबतो आणि पुन्हा पहिल्या तोफेवर येतो. पण वर थांबवायला बुवा नव्हते. वहिनी पाय वर घेऊन, टेपच्या चौकोनांतल्या सोफ्यावर बसून पुढे बघत गेल्या असाव्यात. कारण थोड्या वेळाने तोफा मावळल्या आणि बाल्कनीच्या उघड्या दारातून व्हायोलिन आणि चेलो खाली उतरले. कप्तान आणि जहाजावरचा डॉक्टर मिळून वाजवतात तो प्रसंग. बुवा दचकून उठले. इतक्या वर्षांत हा आवाज त्यांच्या घरात झालेला नव्हता. त्यांनी फोन लावला.

“अगं, पुढे का नेलंस?”

“गप बस रे,” आप्पा म्हणाले, “बरं वाजवतायत.”

बुवा बसले. थोडा वेळ त्यांनी खरंच ऐकलं. मग माझ्याकडे झुकून, आप्पांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, “चेलो ६५ हर्ट्झच्या खाली उतरतच नाही हो.”